टाकीत वाढलेले ठोकळे

“आकडा तुमच्याच हातचा ना?” साहेबांनी अहवाल माझ्यासमोर सरकवला. अक्षर माझेच होते: सावली गावाजवळच्या, रस्त्याखालच्या मोरीचा स्लॅब, टेकू काढण्यास योग्य.

तेव्हा मी चांद्याला बांधकाम खात्याच्या प्रयोगशाळेत होते. स्लॅब ओतताना त्याच मिश्रणाचे सहा इंची ठोकळे घेत. ते मी पाण्याच्या टाकीत ठेवी आणि ठरल्या दिवशी यंत्रात दाबून फोडी. किती भाराला फुटले, त्यावरून स्लॅबच्या ताकदीचा अंदाज बांधायचा. गिट्टीचे काँक्रीट कडाडून फुटे. विटांच्या तुकड्यांचे कुजबुजत चुरे. गिट्टी अपुरी आल्याने या मोरीला विटा घातल्या होत्या. तरी ठोकळ्यांनी अपेक्षित भार पेलला. मी निःशंक सही केली.

त्या सकाळी सहज मोरीवर गेले. स्लॅबवरून बोट फिरवले, तर पिठासारखी भुकटी लागली. बोडीचे, म्हणजे शेजारच्या लहान तळ्याचे, पाणी स्लॅबवर मारायला नेमलेली सोनाबाई रिकाम्या घागरीशी बसली होती.

“पाणी कधी मारलंत?”

“कुठचं पाणी, बाई? बोडी पयल्याच हप्त्यात आटली. तुमच्या ठोकळ्याईले टाकीभर पाणी, अन् आमच्या मोरीले घोटभर नाई!” ती हसली. मग हसू विरले. “उद्या आमचा मालक टेकू काढाले खाली घुसून राह्यला. घुसू देऊ का त्याले?”

काँक्रीट वाळून नव्हे, पाणी पिऊन कठीण होते. त्यात विटा स्वतःच तहानलेल्या. माझा आकडा खरा होता. पण तो टाकीतल्या ठोकळ्यांचा होता.

“काही करू नका,” मी तिला म्हटले, “मी साहेबांशी बोलते.” म्हणून मी साहेबांच्या टेबलासमोर उभी होते.

“साहेब, टेकू राहू द्या. स्लॅब कच्चा आहे.”

“पावसाआधी रस्ता सुरू व्हायचाय. पास झालेला स्लॅब धूळ पाहून नापास करू?”

“मी अहवाल मागे घेते.”

“लेखी द्या. उद्या बघू.”

मी लेखी दिले आणि घरी गेले. सोनाबाईला सांगायला मोरीवर परत जायला हवे होते.

सकाळी माझे पत्र साहेबांच्या ट्रेमध्येच पडून होते. तिसरा टेकू निघताच स्लॅब बसला. सोनाबाईचा नवरा वाचला. डावा पाय गुडघ्याखाली उरला नाही. इस्पितळात तिने माझ्याकडे पाहिले आणि त्याच्यावरची चादर नीट केली.

पुढे नोकरीभर प्रत्येक अहवालात मी एक ओळ जास्त लिहिली: ठोकळा कुठे ठेवला होता. आणि प्रत्येक कामावर एक ठोकळा स्लॅबशेजारी, त्याच उन्हात ठेवायला लावला. त्याचा आकडा नेहमी कमी येई. सही मी त्यावरच करी.