थोरल्या महालक्ष्मीचा नेफा

दुकानाचं शटर वर केलं की गोजरबाई आधी देवाला उदबत्ती लावायची नाही, इलॅस्टिक ताणायची. रिळाचं एक टोक पायाच्या अंगठ्याखाली दाबायची, दुसरं ओढत ओढत नाकापर्यंत आणायची, क्षणभर कानाशी धरायची आणि सोडून द्यायची. रबर जुनं झालं असेल तर ताणताना आतून बारीक करकर ऐकू येते, असं तिचं म्हणणं होतं. करकरलं की ते रीळ बाजूला. मग उदबत्ती.

मेहकरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं दुकान होतं. फॉल, लेस, बटणं, अस्तर आणि एक शिलाई मशीन. पण आजूबाजूच्या खेड्यांतून बाया यायच्या त्या इलॅस्टिकसाठी. मुलाच्या चड्डीसाठी हवं म्हटलं की गोजरबाई आधी मुलाची चौकशी करायची. पळतो किती, खातो किती, चड्डी वाळत घालताना उन्हात टाकता की सावलीत. ताणल्यावर अरुंद होणारं इलॅस्टिक ती बाहीला द्यायची. कमरेला मात्र ताणूनही रुंदी न सोडणारं, जाड पट्ट्याचं. कमरेच्या मापापेक्षा चार बोटं कमी कापायची. आणि तिचा एक नियम होता, तो ती कलेक्टरसाठीही मोडली नसती. उपाशी माणसाची कंबर ती मोजत नसे. गिऱ्हाइकाला सरळ समोरच्या खानावळीत पाठवायची. खानावळवाला तिला दर दिवाळीला चिवडा देई, तो उगाच नव्हे.

या दुकानापेक्षाही तिला एका गोष्टीचा जास्त अभिमान होता. किसनराव आणि पुष्पाबाईंच्या घरच्या महालक्ष्म्यांना साडी नेसवण्याचा मान तिचा होता. लग्न होऊन ती या गल्लीत आली तेव्हापासूनचा. नऊवारीच्या निऱ्या ती अशा घालायची की पुढून बघणाऱ्याला वाटावं, देवी आत्ता पाऊल उचलणार. गल्लीतल्या बाया ते बघायला पाट घेऊन बसायच्या. बदल्यात एक खण आणि नारळ मिळायचा. पण वर्षभर भाजीबाजारात कुणी ना कुणी म्हणायचं, "निऱ्या म्हनजे गोजरबाईच्याच," आणि तेवढ्यावर तिचे गुडघेसुद्धा कमी दुखायचे.

गेल्या वर्षीपासून मात्र तिचे हात कापू लागले. आधी थोडे, मग दिसतील एवढे. सुई ओवायची वेळ आली की ती गिऱ्हाइकाच्या पोरीला म्हणायची, पाहू तुझी नजर कशी आहे. मशीनवर कापड दाबून धरलं की कंप लपायचा. सुटी साडी हातात धरून, चार बायांसमोर, निऱ्या घालताना तो लपणार नव्हता.

त्यात पुष्पाबाईंची नवी सून डिंपल. अकोल्याची पोर, चुणचुणीत. महालक्ष्म्या आठवड्यावर आल्या तेव्हा दुकानात येऊन सहज म्हणाली, की आता शिवलेल्या साड्या मिळतात, चढवल्या की झालं; आजी, तुम्ही कशाला त्रास घेता. गोजरबाईने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "देवी हाये ते. चड्डी नाई, चढोली का झालं."

डिंपल ओशाळून गेली. आणि गोजरबाईने त्याच दुपारी दुकान अर्धं ओढून घेऊन महालक्ष्मीची साडी शिवायला घेतली.

पदराच्या कडा शिवायच्या निमित्ताने दोन्ही साड्या तिने आधीच आणून ठेवल्या होत्या. टेबलावर निऱ्या पाडून, इस्त्री करून, मशीनने टाके मारले. वर नेफा केला, नेफ्यात सगळ्यात कडक, सगळ्यात रुंद इलॅस्टिक पिनेने ओवलं. कानाशी धरून ऐकलेलं, एकदा धुऊन वाळवलेलं. मग माप. देवीच्या कोठीचा वरचा घेर आणि आपल्या कमरेचा घेर सारखाच, हे तिला इतक्या वर्षांनी पाठ होतं. तिने साडी स्वतःवर चढवली. बसली, उठली, खोकून पाहिलं, भरपेट जेवूनही पाहिलं. नेफा जागचा हलला नाही. ती खूश झाली.

तिच्या कमरेच्या वर आणि खाली तिचा आयुष्यभराचा पसारा होता, त्याच्या मधल्या खाचेत नेफा अडकला होता, हे मात्र तिच्या ध्यानात आलं नाही. महालक्ष्मीचं धड म्हणजे टिनवाल्याने तेलाच्या डब्यांचे पत्रे जोडून केलेली कोठी. वर निमुळती, खाली रुंद, आणि काचेसारखी गुळगुळीत.

महालक्ष्म्या बसल्या त्या संध्याकाळी गोजरबाईने यंदा सोवळं कडक असल्याचं सांगून सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. चहा उकळायच्या आत दार उघडलं. बायांनी निऱ्या पाहिल्या आणि एकमेकींना कोपरं मारली. म्हातारपणी हात जास्तच बसला म्हणाल्या. डिंपल तेवढी निऱ्यांकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी जेवणावळ होती. सोळा भाज्यांची भाजी, आंबिल, पुरणपोळ्या. आरती झाली, टाळ-घंटा वाजल्या, पोरं धावली, जमीन हादरली. आणि दर हादऱ्याला थोरलीचा नेफा निमुळत्या बाजूला केसभर सरकत राहिला. पहिल्या पंगतीत बसलेल्या एका म्हातारीने मान वर केली आणि सांगितलं की थोरली काल एवढी उंच नव्हती.

सगळ्यांनी पाहिलं. साडीचा काठ पाटापासून दोन बोटं वर होता. दुसरी पंगत बसली तेव्हा चार बोटं. किसनरावांनी भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. तिसऱ्या पंगतीला काठाखालून पत्र्यावरची निळी अक्षरं दिसू लागली, 'निव्वळ वजन पंधरा किलो'. म्हातारीने त्यालाही हात जोडले.

गल्लीत बोभाटा झाला. देवी वाढून राह्यली. बाया ओटीचं सामान घेऊन आल्या, पोरांनी मोबाइल वर धरले. किसनराव शेजाऱ्याला सांगू लागले की अंगणात पुढेमागे पत्र्याचा मंडप टाकावाच लागेल. पुष्पाबाईंनी गोजरबाईचे पाय धरले. असल्या हातांनी नेसवलं म्हणूनच देवी प्रसन्न झाली म्हणाल्या. गोजरबाई हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसली. काय झालंय ते पहिल्या पंगतीलाच तिच्या लक्षात आलं होतं. पण गप्प राहिलं तर मान मरेपर्यंत आपला, एवढंही तिला कळत होतं. ती गप्प राहिली.

मग कुणाचं तरी लक्ष धाकटीकडे गेलं. धाकटी होती तेवढीच होती. तिच्या कोठीला कमरेपाशी मोठा पोचा होता; एका वर्षी माळ बांधताना किसनराव स्टुलासकट तिच्यावर पडले होते. त्या पोच्यात नेफा घट्ट बसला होता.

"मोठी वाढली, लहानी काऊन नाई वाढली?" म्हातारीने विचारलं, आणि उत्तरही तिनेच दिलं. थोरली म्हणजे घरची सासू, धाकटी म्हणजे सून. सुनेच्याच हातून काही चुकलं असेल. दुसरी म्हणाली, पहिलंच वर्ष आहे, पायगुण कळतो. पुष्पाबाईंनी डिंपलकडे फक्त पाहिलं. डिंपलच्या हातात आंबिलाचं भांडं होतं. ते तिने खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि कुणाला वाढायचं ते विसरल्यासारखी उभी राहिली.

गोजरबाई भिंतीला धरून उठली.

"देवी नाई वाढली," ती म्हणाली. "इलाष्टिक चढलं."

कुणालाच समजलं नाही. तेव्हा तिने पदराखालचे हात बाहेर काढले आणि सगळ्यांसमोर धरले. ते चांगलेच कापत होते. "माह्यानं निऱ्या होत नाईत आता. म्या शिवून आनलं, चोरून. पोरीनं काई केलं नाई. तिनं तं मले आधीच सांगतलं होतं, म्या तिलेच बोलली."

किसनराव पेन्सिल घेऊन रेघेजवळ गेले आणि ही खोडायची का, असं त्यांनी हळूच विचारलं. पुष्पाबाईंना आधी राग आला असावा. पण त्यांची नजर 'निव्वळ वजन'वर गेली आणि त्या तोंडाला पदर लावून खाली बसल्या. मग सगळं घर हसलं. म्हातारी मात्र म्हणाली, इलाष्टिक चढवणारी तरी देवीच ना.

डिंपलने दार लावून घेतलं. आत दोघीच. तिने टाके उसवले, गोजरबाईने खुर्चीवर बसून सांगितलं: अंगठा आत, बोटं बाहेर, श्वास सोडून निरी घाल. पहिल्या निऱ्या केळीच्या वाळल्या पानासारख्या झाल्या. तिसऱ्यांदा बऱ्या झाल्या. बाहेर बाया पाट घेऊन थांबल्या होत्या.

विसर्जनानंतर किसनराव थोरलीची कोठी टिनवाल्याकडे घेऊन गेले आणि तिलाही कंबर काढून आणली.

त्यानंतरच्या वर्षी निऱ्या डिंपलने घातल्या, गोजरबाई खुर्चीवर होती, आणि खण दोघींना मिळाले. डिंपल मग दुपारची दुकानातही येऊन बसू लागली. सुई तीच ओवायची. रीळ मात्र कानाशी धरायचं काम गोजरबाईने कुणाला दिलं नाही.

माघातल्या एका दुपारी डिंपल घाईघाईने आली. तिला पाचवा महिना होता, परकराचा नाडा काचत होता, इलॅस्टिक हवं होतं. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, मळमळत होतं. गोजरबाईने टेप हातात घेतला, तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि टेप परत गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी शटर उघडलं नाही, पुढे गोजरबाईच्या हाताने कधीच नाही, म्हणून डिंपलला ते बोलणं लक्षात राहिलं. एरवी त्यात लक्षात ठेवण्यासारखं काही नव्हतं.

"आधी दोन घास खाऊन घे वं बाई," गोजरबाई म्हणाली होती, "मंग मोजू."