मागं कोन हाय?

मी सायकलवरून उतरले की पंक्चरवाले मामा आधी अंगठ्याने टायर दाबून बघायचे, मग माझ्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे. "मागं कोन हाय?"

"कोणी नाही मामा. हवा भरा."

"न्हाई कसं? कोनतरी हाय."

मी वळून बघायचे तर रस्ता मोकळा.

बीदरहून चिटगुप्प्याकडे जाताना त्यांचं पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार पत्रे, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. मी बारा महिने पहाटे सायकल मारायचे. थंडीत कानाला मफलर बांधून, पावसात पाठीवर लाल चिखल घेऊन. आमच्या गल्लीत पोटासाठी सायकल चालवलेली चालते, हौसेने चालवली की लोकांच्या पोटात दुखतं.

मामांचा संशय माझ्यापुरता नव्हता, बरं का. पंक्चर निघालं की म्हणायचे, "खिळा आपोआप येतोय व्हय? कुनीतरी टाकायलंय." दूधवाला वेळेवर आला तरी त्याला, "आज कामून लवकर?" अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील.

मला मात्र मामांचाच संशय यायचा. माझ्या मागं कोण आहे, याच्याशी या म्हाताऱ्याला काय करायचंय? चहाड्या तर करत नसेल?

आणि झालंच तसं. एक दिवस बाबा म्हणाले, "रोज पुलापर्यंत जातीस. तिथं एकटी शेंगा खात बसतीस. बास झालं आता." सायकलला कुलूप लागलं. पुलावरच्या शेंगा बाबांना कुणी सांगितल्या? मामांशिवाय आहे कोण! मी त्यांना मनातल्या मनात वाट्टेल त्या शिव्या घातल्या. मैत्रिणी सासरी गेल्या होत्या, नोकरी लागत नव्हती. दिवसातला तेवढाच एक तास माझा होता, तोही गेला.

चौथ्या दिवशी मामा पत्ता काढत आमच्या दारात हजर. राम राम नाही, काही नाही, आधी टायर दाबला. "हवा हाय. पोरगीबी धडधाकट हाय. मग येईना कामून?"

मामांची नजर अंगणातल्या, एकच आरसा उरलेल्या हिरव्या स्कूटरवर गेली.

"आरं तिच्या! हीच की ती गाडी! रोज तुझ्या मागं, वळणावरच्या लिंबाआड थांबायची. अण्णा, तुमीच व्हय?"

बाबांनी मान खाली घातली. मला राग आणि रडू एकदमच आलं. सख्खा बाप, आणि पोरीवर पाळत?

"काळजी वाटती हो," बाबा पुटपुटले.

"मग सांगून या की संगट. लपून कामून?"

बाबांनी कुलपाची किल्ली माझ्या हातात दिली.

मामा गेल्या हिवाळ्यात वारले. त्या शिव्यांची माफी मागायची राहूनच गेली, ते मनाला फार लागतं. पत्रे कुणीतरी काढून नेले. मी अजून तिथे उतरते, अंगठ्याने टायर दाबते, मागं बघते.

"कोणी नाही मामा," असं म्हणते, आणि तरी पुन्हा एकदा बघून घेते.