पाण्याच्या बाटलीएवढी कॉइल

जगताप सरांनी पिशवीतून जे काढून टेबलावर ठेवलं, ते बघून मी आधी त्याची वायर सॉकेटपासून लांब सारली. जुन्या मायक्रोवेव्ह ओव्हनचा ट्रान्सफॉर्मर होता तो, भंगारातून आणलेला.

"मोबाईलवर बघितलं, मॅडम. लई मोठी ठिणगी पडते. तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन यंदा आमच्याच शाळेत हाय. तुमी फक्त जोडून द्या."

"सर, यानं माणूस मरतो. चूक सुधारायला दुसरी संधी मिळत नाही."

ते हसले. मी हसत नाही हे बघून थांबले.

मी लोणी देवकरच्या एका ट्रान्सफॉर्मर कारखान्यात वायंडिंग सेक्शनची सुपरवायझर आहे. वायंडिंग म्हणजे तांब्याची तार गुंडाळणं. अठरा वर्षं तेच करते आहे. जगताप सर आमच्या शेजारी राहतात आणि इंदापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतात.

मी त्यांना म्हटलं, "तारेचे वेढे घालून ठिणगी पाडणारी कॉइल करून देते. पण माझ्या पद्धतीनं. छोटी, बॅटरीवर चालणारी."

व्होल्टेज म्हणजे पाण्याचा दाब समजा आणि करंट म्हणजे प्रवाह. फवारणी पंपाच्या नोझलमध्ये दाब भरपूर असतो, पण अंगावर येतो तो तुषार. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप सुटला तर माणूस आडवा होतो. मला तुषार हवा होता. छोट्या बॅटरीत मुळात ताकद कमी, त्यामुळे व्होल्टेज कितीही चढलं तरी मागे फार जोर नसतो.

बारामतीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून ट्रान्झिस्टर, रेझिस्टर आणि बारा व्होल्टची छोटी बॅटरी आणली. कारखान्यातून केसाएवढी बारीक तार मिळाली, रीतसर गेटपास करून. प्लंबिंगच्या पाइपाचा तुकडा घेतला आणि त्यावर हजारभर वेढे हातानं घातले. वेढ्याला वेढा चिकटून बसला पाहिजे, एकावर एक चढता कामा नये. चढला तर तिथंच व्होल्टेज फुटतं, म्हणजे ठिणगी आतल्या आतच पडते. सातशेच्या आसपास माझा एक चढला. सगळं उलगडून पुन्हा सुरुवात केली. अठरा वर्षांच्या अनुभवाचं काय झालं, असं नवऱ्यानं विचारलं. मी वेढे मोजत राहिले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत ट्रायल घेतली. खाली जाड तारेचे पाच वेढे, मध्ये पाइप, वर ठिणगीनं बोट भाजू नये म्हणून प्लॅस्टिकची बरणी. बटण दाबलं. काही झालं नाही. बॅटरी तपासली, सोल्डरिंग तपासलं. मग खालच्या जाड तारेची दोन टोकं अदलाबदल केली, कारण वेढ्यांची दिशा उलटी असेल तर ही कॉइल चालूच होत नाही. पुन्हा बटण दाबलं आणि जगताप सरांच्या हातातली छोटी ट्यूबलाइट पेटली. तिला एकही वायर जोडलेली नव्हती. सर बराच वेळ ट्यूब जवळ-लांब करत राहिले.

मुख्याध्यापक भोसले सर दारातूनच बघत होते. विजेचा कडकडाट दाखवणार, असं त्यांनी पालकसभेत जाहीर केलं होतं.

"एवढीच?" ते म्हणाले. "पाण्याच्या बाटलीएवढी?" आणि निघून गेले.

मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे यायच्या आधी शिपाई मला बोलवायला आला. भोसले सर व्हरांड्याच्या टोकाला उभे होते.

"मॅडम, या यंत्राचा कुणाला त्रास होतो का?"

"कुणालाच नाही, सर. पूर्ण सेफ आहे."

"पेसमेकर असला तर?"

पेसमेकर म्हणजे हृदयाचे ठोके सांभाळणारं छोटं यंत्र, छातीत बसवलेलं. मी बोटांचा विचार केला होता, बॅटरीचा केला होता, जवळच्या मोबाईलचासुद्धा केला होता. याचा केला नव्हता.

सरांनी डाव्या खांद्याखाली हात ठेवला. त्यांचं शाळेतलं मराठी सुटलं. "दीड वर्ष झालं. घरच्यांशिवाय कुणाला म्हाईत न्हाय. जगतापांनी सांगितलं आन् मी जाहीर करून बसलो. मग दवाखान्याचा कागद काढून वाचला. काल तितं उभं ऱ्हायला भ्या वाटलं, म्हणून कायतरी बोलून निघालो."

"सर, छोटी आहे कॉइल. लांबून काही होत नसावं. पण ते मी मोजलेलं नाही."

"मग?"

"मग मला माहीत नाही. दवाखान्यात विचारा."

मी जाऊन हॉलमध्ये चाचणीसाठी चालू ठेवलेली कॉइल बंद केली. सरांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. तिकडून सांगितलं, ती चालू असेल त्या खोलीत जाऊच नका. मांडणी मोठ्या हॉलमध्ये होती आणि पाहुणे तासाभरात येणार होते. आम्ही सगळं उचलून टोकाच्या प्रयोगशाळेत नेलं. दारावर मोठ्या अक्षरांत कागद लावला: पेसमेकर किंवा शरीरात असं यंत्र असेल तर आत येऊ नये. जगताप सरांना एवढंच सांगितलं की माझ्याकडून एक गोष्ट राहिली होती. कुणामुळे आठवली, ते सांगितलं नाही.

पाहुणे आत गेले, भोसले सर हॉलपाशीच थांबले. ठिणगी छोटी म्हणून सर नाराज आहेत, असं दोन शिक्षक बोलताना मी ऐकलं. ऐकून घेतलं.

दुपारी भिगवणहून एक बाई मुलीला घेऊन आल्या. तिशीच्या असतील. त्यांनी दारावरचा कागद वाचला, दोन पावलं मागं सरकल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "मी हितं न्हाय थांबत. पोरीला दावा तेवढं."

मुलीनं ट्यूब पेटवली. मग पळत जाऊन मैदानापलीकडे लिंबाखाली बसलेल्या आईला हातवारे करून सगळं सांगितलं. आई मान हलवत ऐकत होती.

पहिलं बक्षीस ठिबक सिंचनाच्या मॉडेलला गेलं. भोसले सर आता रिटायर झालेत. हे लिहायला त्यांनीच सांगितलं, नाव बदलून.

कारखान्यात टेस्ट रिपोर्टवर मी आता नुसतं 'सेफ' लिहीत नाही. कोणासाठी आणि किती अंतरावरून, तेही लिहिते. मॅनेजर म्हणतात, मॅडम, तुमचा रिपोर्ट लांबतो. लांबतो खरा.