बापाच्या छातीवरची उजळणी

पाथरवटाचा दिवस पहाटे पाचला सुरू व्हायचा. खाणीवर निघण्याआधी तो सदरा काढून बसायचा आणि डॉक्टरकी शिकणारी लेक त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून उजळणी करायची.

“बाबा, मोठा श्वास घ्या. बोलू नका.”

“गप्प बसवायला तुझी आई पुरेशी आहे गं!”

निरोगी छातीचा आवाज तिने बापाकडूनच पाठ केला. परीक्षेत एका रोग्याच्या छातीत तोच आवाज आला, म्हणून तिने “निरोगी” सांगितलं.

“या छातीत दगडाची धूळ बसलीय,” परीक्षक म्हणाले. ती नापास झाली.

घरी येऊन तिने बापाची पाठ पुन्हा ऐकली आणि तिला रडू फुटलं.

“रडतेस काय? पुन्हा बस परीक्षेला,” तो म्हणाला.

त्या परीक्षेच्या फीसाठी मजुरीतून राखलेले पैसे त्याच्याच छातीच्या फोटोला गेले.