साडूभाऊंची मोजणी

वाढत्या पोरांच्या पायाला फुटबॉलचे बूट निवडावेत तर माझ्या साडूभाऊंनीच. त्यांच्या तोडीचा माणूस लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. हे मत मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही, खुद्द साडूभाऊंजवळ तर नाहीच. उलट ‘दाजींचे बूट’ हा आमच्या सगळ्या गोतावळ्यात चेष्टेचा विषय झाला तो माझ्यामुळे, आणि त्या चेष्टेत मीही हसत आलो. मी मुळात कमी बोलणारा. कमी बोलणाऱ्याला लोक सरळ समजतात, ही एक मोठी सोय असते. आज ती सोय सोडून लिहितो आहे. पण आधी साडूभाऊ ही काय चीज आहे ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला त्यांची उगाच कीव येईल. कीव यावी असा तो माणूस नव्हे. फार छळलंय त्यांनी.

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. राहणार लातूर. सगळी हयात जमिनीच्या मोजणी खात्यात गेली, त्यातली निम्मी शिरूर अनंतपाळच्या शिवारात. दोन भावांच्या मधल्या बांधावर उभं राहून, दोन्हीकडच्या शिव्या खात, टेप ताणून धरणं हे त्यांचं काम. लोक काठ्या घेऊन अंगावर आले, पण ‘माझी मोजणी चुकली’ हे वाक्य त्यांच्या तोंडून कधी कुणी ऐकलं नाही. ही सवय घरीही तशीच. माझ्या साखरपुड्यात त्यांनी मांडवाचा कोपरा काटकोनात नाही म्हणून जेवणावळ थांबवली होती. आमच्या नांदेडच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चहाचा कप हातात घेऊन भिंतीकडे एक डोळा मिटून बघत म्हणाले, “पाव्हणं, तुमची भिंत शेजाऱ्यात वीतभर गेलीय. कुणाला सांगू नका.” हे त्यांनी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या शेजाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. ते प्रकरण मिटायला पुढं एक गणपती आणि दोन हळदीकुंकू लागली.

असा माणूस निवृत्त झाला तर मोजणार काय? तर पोरांचे पाय. त्याच सुमारास आमच्या नात्यातल्या पोरापोरींना फुटबॉलचं वेड लागलं होतं, आणि वाढत्या पोरांच्या पायाला नवे बूट आणावेत तोवर ते आखूड होत होते. सगळे आईबाप हैराण. साडूभाऊंनी कुणी न सांगता हे खातं आपल्याकडे घेतलं. पायाची मोजणी संध्याकाळीच व्हायची, कारण “सकाळचा पाय खोटं बोलतो. दिवसभर हिंडून सुजला की मग खरं सांगतो.” पोराला वर्तमानपत्रावर उभं करायचं, पायात खेळाचेच जाड मोजे, भोवतीनं पेन्सिल फिरवायची. दोन्ही पायांचा नकाशा वेगळा, आणि मोठा निघेल त्याचं माप धरायचं. आई एका बाजूला पंच, बाप दुसऱ्या बाजूला पंच. पोर हललं की मोजणी रद्द, पुन्हा पहिल्यापासून. अंगठा आणि बुटाचं टोक यांच्यामध्ये एक आडवा अंगठा जागा ठेवायची. तिला ते बांध म्हणायचे. “बांध सोडल्याशिवाय पेरता येतं व्हय? तसं बांध सोडल्याशिवाय बूट घेता येत न्हाई. दोन बांध सोडणारा येडा, न सोडणारा कसाई.” आमच्याकडे सगळंच ‘वाढत्या अंगाचं’ घ्यायची रीत. माझी सातवीतली चड्डी मी दहावीपर्यंत घातली आहे. त्यामुळे हा एका अंगठ्याचा हिशेब आईबापांना उधळपट्टीचा वाटायचा. “दाजी, अजून दोन नंबर मोठे घ्या की, पुढं कापूस कोंबू,” असं माझी बायको एकदा म्हणाली, तर साडूभाऊंनी तिच्याकडे अतिक्रमण केलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

दुकानात तर त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षाच. नांदेडात आले की ते हारूनभाईंच्या दुकानात जायचे. हारूनभाईंच्या तीन पिढ्या चपला-बुटांच्या धंद्यात. तिन्ही पिढ्यांना मिळून जेवढा ताप झाला नसेल तेवढा साडूभाऊंनी एकट्यानं दिला. बूट हातात घ्यायचे आणि वाकवायचे. बोटं जिथं दुमडतात तिथंच बूट दुमडला पाहिजे. मधून वाकला की परत. “कमरेतून वाकणारा बूट म्हणजे साहेबापुढचा कारकून. त्याच्यावर भरवसा ठेवू नका.” असं म्हणताना ते माझ्याकडे बघायचे. मी कार्यालयात काय करतो ते त्यांना ठाऊक होतं. मग टाच दाबायची, आत हात घालून शिवण चाचपायची, तळाला नाक लावून डिंकाचा वास घ्यायचा. मग खालचे स्टड, म्हणजे तळाच्या खुंट्या. लांब, टोकदार स्टडचे बूट बघितले की त्यांचं डोकं फिरायचं. “हे पुण्या-मुंबईच्या हिरवळीला. आपल्याकडं हिरवळ कॅलेंडरवर हाय. आपलं मैदान उन्हाळ्यात फरशी, पावसाळ्यात काळी माती. फरशीवर हे रुतत न्हाईत आन् मातीतनं निघत न्हाईत.” त्यांना पाहिजेत रबरी, आखूड आणि पुष्कळ स्टड, बाळाच्या दातांसारखे. एवढं सगळं झाल्यावर पोराला एका पायात जुना, एका पायात नवा बूट घालून पळायला लावायचं. लातूरला त्यांनी एका पुतण्याला असा गंजगोलाईच्या गोल बाजारपेठेला पूर्ण फेरा मारायला लावला होता. मागं दुकानदार, त्याला वाटलं पोरगं बूट घेऊन पळालं.

एकदा हारूनभाई न राहवून म्हणाले, “मोजणीसाहेब, बूट घेऊन राहिले की पोरीला स्थळ बघून राहिले?”

साडूभाऊ बुटातून नाक न काढता म्हणाले, “आमच्या सासऱ्यानं जावई एवढे वाकवून बघितले असते, तर आम्ही दोघंबी आज हितं नसतो.”

हारूनभाईंनी हसून गल्ल्यावर डोकं टेकलं. मीही हसलो. घरी येईपर्यंत ते वाक्य मला टोचत राहिलं.

बूट घेतल्यावरही तो सुखासुखी पोरांच्या पायात जायचा नाही. कितीही नवा असो, आधी मोच्याकडे नेऊन तळाला चारी बाजूंनी जाड दोऱ्याची शिलाई. “डिंक उन्हात सुटतो. दोरा सुटत न्हाई.” मग टाचेवर पांढऱ्या रंगानं हद्दीची खूण. असा तो बूट एका पोराला आखूड झाला की दुसऱ्याकडे, तिथून तिसऱ्याकडे. बिलोलीच्या चुलतभावाकडून लातूरच्या आतेबहिणीकडे, शेतासारखा फेरफार होत जायचा. दिसायला म्हणाल तर भीषण. स्वस्तात मिळाला म्हणून रंग कुठलाही, लेस भलतीच, कडेनं दोऱ्याचे टाके. ऑपरेशन करून घरी सोडलेल्या माणसासारखा बूट. पण फाटला नाही आणि कुणाच्या पायाला फोड आला नाही.

माझी मुलगी मनवा नववीत असताना तिची जिल्हा संघाच्या निवडीसाठी चाचणी ठरली. साडूभाऊ आठवडाभर आधी एसटीनं आले, संध्याकाळ होईपर्यंत थांबले, मोजणी केली, आणि चाचणीच्या दोन दिवस आधी पुन्हा एसटीनं येऊन बूट देऊन गेले. काळे बूट, पोपटी लेस, टाके, पांढरी खूण. “वापरून सवय करून घे ग बाई. चाचणीला कोरा बूट घालू नको.” मनवाला आवडले होते. लाज मला वाटली. सरावाला येणाऱ्या बाकीच्या मुलींचे बाप गाडीतून उतरायचे, पोरींच्या पायात झळझळीत बूट. त्यातला एक आमच्या कार्यालयातला साहेब होता. एकदा त्यानं मनवाच्या जुन्या बुटांकडे बघून विचारलं होतं, “हे कुठल्या कंपनीचे?” आणि मी, कमरेतून वाकून, हसलो होतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी मी मनवाला एका चकचकीत दुकानात नेलं. केशरी रंगाचे, लांब स्टडचे बूट. विकणाऱ्या पोरानं सांगितलं, “सर, पायाला चिकटून बसला पाहिजे, प्रोफेशनल फिट.” हा शब्द मला फार आवडला. सकाळची वेळ होती. मनवा म्हणाली, “बाबा, अंगठा लागतोय.” मी म्हणालो, “वापरला की सैल होतो.” आणि बाहेर आल्यावर सांगितलं, “मावसांना बोलू नको हं. त्यांना वाईट वाटेल.” खोटं बोलायला लावताना मी दयेचा आधार घेतला, हे इथं लिहून ठेवतो. बायको तेव्हा माहेरी होती.

पुढं काय झालं ते साडूभाऊंनी कितीतरी वेळा हारूनभाईंच्या दुकानात आधीच सांगितलं होतं. फरशीसारखं मैदान, स्टड रुतेना. मनवा वळली, पाय सरकला, घोटा फिरला. प्लास्टर. अंगठ्याचं नख काळंनिळं. संघात नाव नाही, त्या वर्षी खेळ बंद. केशरी बूट मी दवाखान्यातून परतताना देऊन टाकले. काळे कोरे बूट आधीच माळ्यावर, कूलरच्या जाळ्यांमागं लपवले होते.

साडूभाऊ दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आले. पलंगाशेजारच्या स्टुलावर बसले. प्लास्टर बघितलं, मग वाकून ते नख बघितलं, आणि विचारलं, “अंगठा लागत होता का ग बाई?”

मनवानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर. ती म्हणाली, “हो मावसा.”

साडूभाऊंनी आपला अंगठा त्या नखापुढं आडवा धरून बघितला. मग म्हणाले, “माझी मोजणी चुकली.”

काठ्या घेऊन आलेल्या लोकांपुढे न निघालेलं ते वाक्य त्या स्टुलावर निघालं. ती वेळ होती. माहेराहून धावत आलेली बायको तिथंच होती, मनवा होती. एक वाक्य बोलायचं होतं. मी काय बोललो? मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “जाऊ द्या हो दाजी. होतं असं कधीतरी.” मी त्यांना माफ केलं!

त्यानंतर त्यांनी कुणाच्या पायाला पेन्सिल लावली नाही. पोरांचे बूट मोबाइलवरून यायला लागले. येतात, फाटतात, परत येतात. बिलोलीला एका लग्नाच्या पंगतीत मेहुणा मोठ्यानं म्हणाला, “दाजी, नवरदेवाच्या बुटाचं माप तुम्ही तर न्हाई ना घेतलं? न्हाईतर प्लास्टर बी आहेरात द्यावं लागंल!” पंगत हसली. साडूभाऊही हसले, आणि पानातला भात एका रेषेत लावत बसले. मी हसलो ते कोपऱ्यापर्यंत ऐकू गेलं असेल. मनवाचा पाय बरा झाला, आता ती कॉलेजात आहे आणि खेळतेही. पण त्या पंगतीत ती हसली नाही. हात धुताना मला म्हणाली, “बाबा, मी सांगू का?” मी म्हणालो, “मी सांगतो.” अजून सांगतोच आहे.

मागच्या महिन्यात लातूरला गेलो होतो. साडूभाऊंची नात फुटबॉल खेळायला लागली आहे. तिला बूट पाहिजे होते. ती आजोबांना चिकटली, तर ते म्हणाले, “माझं काय खरं न्हाई बाळा. ह्या नांदेडच्या आजोबांना घेऊन जा. त्यांना कळतं.” म्हणजे मला. आम्ही तिघं संध्याकाळी दुकानात गेलो. संध्याकाळी जाऊ हे मीच म्हणालो. साडूभाऊ आत आले नाहीत, पायरीवर पिशवी धरून उभे राहिले. मी बूट वाकवला. बोटांपाशी दुमडला. टाच दाबली, तळाला नाक लावलं. रबरी, आखूड, पुष्कळ स्टड. दुकानदार माझ्याकडे बघत राहिला. नात पायात बूट घालून पळत बाहेर गेली आणि आजोबांसमोर पाय पुढं करून उभी राहिली. त्यांचा अंगठा आपसूक बुटाच्या टोकाकडे गेला, आणि मध्येच थांबला. हात मागं घेऊन त्यांनी मला विचारलं, “बांध सुटलाय का, पाव्हणं?”

“सुटलाय,” मी म्हणालो. “बरोबर एक अंगठा.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि मान खाली घालून जिना असल्यासारखे ती एकच पायरी उतरले.

दर उन्हाळ्यात माळ्यावरून कूलर मीच काढतो. बायको सगळ्यांना सांगते, घरातलं एवढं एकच काम हे मनापासून करतात. यंदा कूलर काढताना ते खोकं उघडून बघितलं. डिंक सगळा सुटला आहे. दोऱ्यानं मात्र तळ धरून ठेवला आहे. नातीचं माप नेमकं तेच आहे.

साडूभाऊंचं मी एवढं देणं लागतो: काळ्या बुटांची ती कोरी जोडी, आणि एक वाक्य, की दाजी, तुमची मोजणी बरोबर होती, मनवाच्या पायात त्या दिवशी तुमचे बूट नव्हतेच. ते वाक्य त्यांना एकट्याला सांगून फिटणार नाही. भरल्या पंगतीत सांगावं लागेल.