फेतुलागीची गाणी

माझा धाकटा भाऊ पेसामिनो आमच्या चर्चचा कॉम्प्युटर सांभाळतो. राजधानीत, आपियात शिकून आलेला, हुशार. पण उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

त्याच चर्चमधल्या तालोसागाकाकांची बायको फेतुलागी स्वतः गाणी रचायची, गायची. ती गेली तेव्हा तिचा आवाज त्या कॉम्प्युटरच्या जुन्या डिस्कवर तेवढा उरला. काकांनी गाणी मागितली. तिच्या नावाचा फोल्डर होता, पण त्यात गाणी नव्हती, नुसते दुवे होते: खरं गाणं जुन्या डिस्कवर अमक्या जागी आहे, एवढंच सांगणारे. तो फोल्डर काकांसाठी नव्या डिस्कवर उतरवायला पेसामिनोनं सी प्लस प्लसमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला. त्या भाषेत फाइल कॉपी करायची सोय आयतीच मिळते. दुवा तसाच उचलायचा की त्यामागचं गाणं आणायचं, ते एका शब्दात सांगायचं. पठ्ठ्यानं दुवा तसाच उचलायला सांगितलं.

तपासलं नाही असंही नाही. नव्या डिस्कवरचं एकेक गाणं लावलं, वाजलं. वाजणारच! जुनी डिस्क शेजारीच जोडलेली होती, गाणं तिथूनच येत होतं. मग ती पुसून शाळेला देऊन टाकली.

काकांच्या घरी एकही गाणं वाजलं नाही.

"ताई, मला तोंड दाखवायला जागा उरली नाही गं."

"मग झाक तोंड," मी म्हणाले आणि आईची बारीक विणीची चटई काढली.

पहाटेच तो काकांच्या दारात डोक्यावरून चटई ओढून बसला. मागे आम्ही घरची सगळी, माना खाली घालून. आमच्याकडे माफी अशीच मागतात; ज्याचं नुकसान झालं त्यानं आत बोलावल्याशिवाय उठायचं नाही. ऊन चढलं, जाणारेयेणारे बघत होते. लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी काका बाहेर आले, चटई उचलली. "ऊठ रे. कोको प्यायला चल."

आत बसल्यावर त्यांनी विचारलं, "तिला शेवटचं तूच ऐकलंस ना?"

"हो, काका."

"मग ते होडीचं गाणं म्हण. शेवटचं कडवं मला काही केल्या आठवत नाही."

पेसामिनोनं पहिली ओळ म्हटली आणि थांबला.

"पुढं?"

त्याचे कान लाल झाले. "वाजतंय एवढंच बघत होतो, काका. प्रत्येकाची पहिली ओळ ऐकली आणि बंद केलं."

काकांनी कोकोचा पेला खाली ठेवला.

"बरं," ते म्हणाले, "तेवढीच पुन्हा म्हण."