जबाबातलं माझं वाक्य

ती दुपार आठवली की आजही ताटावरून उठतो. धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. कॉलेजजवळच्या खानावळीतल्या मावशींचा फोन आला. "साहेब, वरच्या खोलीतली पोरं सकाळधरनं लिंबं मागायलीत. दार लावून घेतलंय, अन् आत कुणीतरी रडायलंय."

आम्ही पोहोचलो तेव्हा चटईवरचा मुलगा गार पडला होता. पिळलेली लिंबं, ताकाचा तांब्या आणि भिंतीला टेकलेले तीन मित्र. परीक्षा संपल्याच्या आनंदात त्यानं पैजेवर दारूची बाटली रिकामी केली होती. आकस्मिक मृत्यूची नोंद घेतली, पंचनामा केला. शवविच्छेदनात मारहाण निघाली नाही. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत गेली होती.

मला एकच कोडं सुटेना. खाली मोटारसायकल उभी, दवाखाना हाकेवर. मग ही पोरं तीन तास लिंबू का पिळत बसली?

तिघांना वेगवेगळं बसवलं. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो. हे तिघे गप्प होते. शेवटी चहा पाजल्यावर एकाला कंठ फुटला.

"साहेब, आमी भरतीची तयारी करतो. तुमीच कॉलेजात म्हणला व्हता, दारूत सापडला त्याची चारित्र्य पडताळणी बिघडवीन, बापाला ठाण्यात बसवीन. म्हणून दवाखान्यात न्हाय नेलं."

हवालदाराचं पेन थांबलं. "साहेब, हे घ्यायचं का?"

"जसंच्या तसं घे."

त्या भाषणाला टाळ्या पडल्या होत्या. मलाही मी मोठा शूर वाटलो होतो.

संध्याकाळी लोहारा गावाहून मुलाचे वडील आले. पोरांनी भीतीपोटी दवाखाना टाळल्याचं त्यांना कळलं होतं. "लेकरं एवढी कुणाला भ्याली हो, साहेब?"

"मला," मी म्हणालो.

त्यांनी बाहेर बसलेल्या त्या तिघांकडं बघितलं. मग म्हणाले, "तेच्या दोस्तांला काय करू नका. ती बी लेकरंच हायत."

धाकानं पोरं पिणं सोडत नाहीत, लपवतात. एवढी साधी गोष्ट मला कळायला दुसऱ्याचं लेकरू गेलं. पुढं प्रत्येक कॉलेजात सांगायचो, "पिऊ नका. पण दोस्त उठेनासा झाला तर कुशीवर वळवा, लगेच दवाखान्यात आणा. मी नाव विचारणार नाही." या भाषणाला टाळ्या पडत नसत.

पुढच्या वर्षी दोघांनी तिसऱ्याला मोटारसायकलवर मधे धरून दवाखान्यात आणलं. तो वाचला. मी कुणाचं नाव विचारलं नाही. व्हरांड्यात येऊन मात्र वर्दीतच रडलो, त्या पहिल्या मुलासाठी.